"श्रीलंका होईल" म्हणणाऱ्या सगळ्यांना एक खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र चॅनलवरच्या अँकर मंडळींना आहे, सभेत माईक हातात आला की "यांनी राज्याचा श्रीलंका करून ठेवलाय" म्हणणाऱ्या सगळ्याच पक्षांच्या पुढाऱ्यांना आहे, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवरच्या काका-मामांना पण आहे, जे दर दोन महिन्यांनी श्रीलंकेच्या राष्ट्रपती भवनात शिरलेल्या लोकांचा तो स्विमिंग पूलचा व्हिडिओ पुन्हा टाकतात आणि खाली लिहितात "फुकट वाटा, मग हे बघा".

मी त्या वर्षी, म्हणजे २०२२ मध्ये श्रीलंकेचं दिवाळं निघालं तेव्हा, तिथे होते. मूळची इचलकरंजीची, कापडातच वाढलेली, गारमेंट एक्सपोर्टच्या एका कंपनीत मर्चंडायझरची नोकरी मिळाली म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात कोलंबोला गेले आणि २०२३ च्या मार्चपर्यंत राहिले. मी पोचले त्याच महिन्यात गोटाबाया राजपक्षे राष्ट्रपती म्हणून निवडून आले होते, रस्त्यात फटाके, भिंतींवर तरुण पोरांनी काढलेली चित्रं, लोक खरंच खूश होते. त्याच माणसाला अडीच-पावणेतीन वर्षांनी रात्रीतून एअर फोर्सच्या विमानात बसून पळावं लागलं. मधलं सगळं मी बघितलंय, टीव्हीवर नाही, आमच्या गल्लीत. म्हणून बोलते, आणि जरा लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट ही की तुम्ही ज्या कारणासाठी श्रीलंकेचं नाव घेता ते कारणच चुकीचंय. "फुकट वाटलं म्हणून बुडाले" असं तुम्ही म्हणता. अहो, वाटून नाही, उत्पन्न सोडून दिलं तिथून सुरुवात झाली. गोटाबाया आल्या आल्या डिसेंबर २०१९ मध्ये व्हॅट १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला, आणखी दोन-चार टॅक्स सरळ काढूनच टाकले. आमच्या ऑफिसात लोकांनी पेढे वाटावेत तसा केक कापला होता, पगारातून कापला जाणारा टॅक्स गेला म्हणून. त्याच्या आधी एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी चर्च आणि हॉटेलांत बॉम्बस्फोट झालेले, अडीचशेच्या वर माणसं गेली, टुरिस्ट आधीच आटलेले, आणि मग तीन-चार महिन्यांत करोना. म्हणजे सरकारच्या हातात रुपये येईनात आणि देशाच्या हातात डॉलर येईनात, दोन्ही एकदम. त्यात सेंट्रल बँकेनं डॉलरचा भाव दोनशे श्रीलंकन रुपयांच्या आसपास धरून ठेवला, मग आखातात काम करणारे लोक घरी पैसे पाठवायचे ते बँकेतून पाठवेनात, हवाल्यानं पाठवायला लागले कारण तिथे भाव जास्त मिळायचा. २०१९ च्या शेवटी ७६० कोटी डॉलरची गंगाजळी होती. मे २०२२ मध्ये अर्थमंत्री अली साबरी संसदेत सांगतात की वापरता येतील असे ५ कोटी डॉलरसुद्धा नाहीत. सव्वादोन कोटी लोकांचा देश, पेट्रोल बाहेरून, गॅस बाहेरून, औषधं बाहेरून, दूध पावडर बाहेरून, आणि तिजोरीत ५ कोटी डॉलर नाहीत.

तर श्रीलंकेचे डॉलर संपले, हे तेवढं कृपा करून लक्षात ठेवा. महाराष्ट्रावर नऊ लाख कोटींच्या पुढे कर्ज गेलंय, त्याची काळजी करावी तेवढी थोडी आहे, मलाही वाटते, पण ते कर्ज जवळजवळ सगळं रुपयातलं आहे, राज्याला स्वतःचं चलन नाही, परदेशी चलनाचा साठा रिझर्व्ह बँकेकडे असतो. राज्याचं कर्ज वाढलं तर शाळांचे, रस्त्यांचे, ठेकेदारांचे, पेन्शनचे पैसे अडतील आणि ते वाईटच आहे, पण त्याला श्रीलंका म्हणत नाहीत. आणि डॉलर संपण्याच्या दारात आपणसुद्धा जाऊन आलोय की, १९९१ साली दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले होते आणि रिझर्व्ह बँकेनं ४७ टन सोनं मुंबईहून विमानात भरून गहाण ठेवायला पाठवलं होतं. तेव्हा कुठल्या देशातल्या पुढाऱ्यानं "आपला भारत होईल" म्हटलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं?

दुसरं, सेंद्रिय शेतीचं. हे तर इतक्यांदा ऐकलंय की कान दुखतात, "सेंद्रियच्या नादी लागून देश बुडाला". झालं काय, तर एप्रिल-मे २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खत आणि फवारणीची औषधं यांच्या आयातीवर बंदी. पुढच्या हंगामापासून अख्खा देश सेंद्रिय. त्यात खत आयातीचे डॉलर वाचवायचे हाही हिशोब होता. ज्या शेतकऱ्यानं पंचवीस-तीस वर्षं युरिया टाकलाय त्याला एका हंगामात सांगितलं की आता कंपोस्ट वापर, आणि कंपोस्ट तेवढं होतंच कुठे? आपल्याकडे सेंद्रिय करणाऱ्या कुणालाही विचारा, तो सांगेल की जमीन वळवायला किती वर्षं लागतात. भात झोपला, चहा झोपला, नोव्हेंबरात बंदी मागे घेतली तोवर पेरणीचा टाइम गेलेला. यात सेंद्रिय शेतीचा काय दोष? शेतकऱ्याला न विचारता घेतलेला निर्णय होता तो.

चीनचं पण एकदा बोलून टाकते. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या लीजवर गेलं, ११२ कोटी डॉलरला, हे खरंय आणि तिथल्या लोकांना ते खुपतं. पण परकीय कर्जात चीनचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता, त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा वाटा बाजारातून उचललेल्या बाँडचा होता, तिसऱ्या हिश्श्याच्या वर. ते बाँड कुठल्या एका देशाचे नसतात, त्यामुळे तुमच्या डिबेटमध्ये त्यांचं नाव येत नाही एवढंच.

आता त्या २०२२ च्या वर्षाचं सांगते.

वेल्लवत्त म्हणजे कोलंबोतला तमिळ लोकांचा भाग, एका बाजूला गॉल रोड, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि समुद्राला अगदी चिकटून रेल्वे लाइन. मी वरच्या मजल्यावर भाड्यानं, खाली घरमालकीणबाई, उत्तरेतल्या तमिळ जाफनाच्या, वय साठ, मी त्यांना आंटी म्हणायचे आणि त्या मला पिळ्ळै, म्हणजे लेकरू. जानेवारीपासून लाइट जायला लागली, आधी एक तास, मग अडीच, मार्चच्या शेवटी १३ तास. पहिल्यांदा १३ तासांचं वेळापत्रक आलं त्या रात्री मी मोबाईलचा टॉर्च लावून जिन्यात बसले होते तर आंटी खालून जॅमची रिकामी बाटली घेऊन आल्या, तळाशी दोन बोटं रॉकेल, कापसाची वात, आणि ती वात बाटलीतच उभी केलेली, बाहेर नाही. म्हणाल्या, अशी लावली की वाऱ्यानं विझत नाही आणि एवढ्याशा रॉकेलात रात्र निघते. जाफनात नव्वदच्या दशकात सरकार आणि तमिळ वाघांची (एलटीटीई) लढाई चालू असताना सरकारनं रॉकेल, साबण, बॅटरी सगळं अडवलं होतं तेव्हा अख्ख्या जाफनातली पोरं या जॅमच्या बाटलीवर अभ्यास करून डॉक्टर-इंजिनियर झाली. "आता सगळ्या देशाला शिकावं लागेल," असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हे मी मुद्दाम सांगते.

मार्चमध्ये तिथला रुपया मोकळा सोडला आणि २०० चा डॉलर दोन महिन्यांत ३६० वर. कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. कँडीजवळच्या एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात औषधं नाहीत म्हणून ठरलेली ऑपरेशनं थांबवली. दूध पावडरचं ४०० ग्रॅमचं पाकीट सहा महिन्यांत दुपटीला गेलं, तिथे चहा दूध पावडरचाच असतो, तर आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा १०० रुपये झाला आणि लोक कोरा प्यायला लागले. गॅसचा साडेबारा किलोचा सिलिंडर २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत पंधराशेच्या आत मिळायचा, तो एप्रिलमध्ये ४८६० ला. आणि एवढे देऊन मिळत नव्हता. पेट्रोल डिसेंबर २०२१ मध्ये १७७ रुपये लिटर, जून २०२२ मध्ये ४७०.

आकडे वाचून काही कळत नाही, मला माहितीये. म्हणून अय्याचं सांगते. अय्या म्हणजे सिंहलीत मोठा भाऊ, आमचा नेहमीचा टुकटुकवाला, मला रोज सकाळी ऑफिसला सोडायचा. जूनमध्ये एके दिवशी आलाच नाही, फोन केला तर म्हणाला मिस मी पोलिममध्ये आहे. पोलिम म्हणजे रांग, तो शब्द त्या वर्षी मी दिवसातून पन्नास वेळा ऐकला असेल. संध्याकाळी डबा घेऊन गेले तर रांग पंपापासून निघून दोन वळणं घेऊन एका शाळेच्या मागे, आणि अय्या मागच्या सीटवर पाय दुमडून झोपलेला, पुढच्या काचेला टॉवेल अडकवलेला, हातावर मार्करनं नंबर लिहिलेला, १८६. घामानं पुसला जाऊ नये म्हणून त्यावर त्यानं पारदर्शक सेलोटेप लावली होती. दोन रात्री आणि अडीच दिवस तो तिथे होता. मधे टँकर आला, ११० नंबरपर्यंत गेला आणि संपला. मी म्हटलं भांडणं होत असतील ना, तर म्हणाला होतात, पण नंबर कुणी मोडू देत नाही, पुढचा संडासला गेला तर मागचा त्याची गाडी ढकलून पुढे नेतो. त्याच्या पुढे एक सत्तरीतले आजोबा स्कूटर घेऊन होते, त्यांना रात्री घरी पाठवून त्यांची स्कूटर या लोकांनी सांभाळली. मार्चपासूनच रांगेत उभे राहून म्हातारी माणसं मेल्याच्या बातम्या यायच्या, त्यामुळे सगळे म्हाताऱ्यांना घाबरून जपायचे.

त्याच जूनमध्ये रोशन महानामा कोलंबोतल्या रांगांत लोकांना चहा आणि बन वाटत होता. क्रिकेटवाल्यांना नाव आठवेल, १९९७ मध्ये प्रेमदासा स्टेडियमवर यानं आणि जयसूर्यानं मिळून आपल्या बॉलर्सना दोन दिवस पळवलं होतं, ५७६ ची पार्टनरशिप, श्रीलंका ९५२. आपल्याकडे त्या मॅचची आठवण निघाली की अजून लोक हळहळतात. तोच माणूस रांगेत ट्रे घेऊन फिरत होता आणि लोकांना सांगत होता एकमेकांची काळजी घ्या. हा व्हिडिओ माझ्या ग्रुपवर कुणी टाकला नाही.

आंदोलनाचं सांगायचं तर ३१ मार्चच्या रात्री मिरिहानाला राष्ट्रपतींच्या खाजगी घराबाहेर लोक जमले तिथून पेटलं. मग आणीबाणी, कर्फ्यू, सोशल मीडिया बंद, मंत्रिमंडळाचे राजीनामे, सगळं चार दिवसांत. ९ एप्रिलपासून गॉल फेसवर, म्हणजे समुद्राकाठचं मोठं मैदान, राष्ट्रपतींच्या सचिवालयासमोर, लोक तंबू ठोकून बसले आणि त्या जागेचं नाव ठेवलं गोटा गो गामा. गामा म्हणजे गाव. आणि खरंच गाव होतं हो ते. मी सात-आठ वेळा गेले असेन, नोकरी परदेशात आहे, व्हिसा आहे, म्हणून घोषणा वगैरे दिल्या नाहीत, कडेकडेनं फिरले. लोकांनी दिलेल्या पुस्तकांची लायब्ररी, फुकट जेवणाचा तंबू, दवाखाना, वकिलांचा तंबू, पोरांना चित्रं काढायला जागा. रमजान होता तर संध्याकाळी मुसलमान पोरं तिथेच रोजा सोडायची आणि बौद्ध भिक्खू, ख्रिश्चन नन्स बाजूला बसलेले. एप्रिलच्या १३-१४ ला त्यांचं नवीन वर्ष असतं, तेव्हा तिथेच चूल मांडून किरिबत केला, नारळाच्या दुधातला भात, वड्या पाडतात, आपल्या नारळी भाताचा बिनगोडाचा भाऊ म्हणा.

पण जे मला आयुष्यभर विसरता येणार नाही ते १८ मे. त्या तारखेला २००९ मध्ये तमिळ वाघांशी चाललेली ती लढाई संपली आणि मुल्लिवायक्कालच्या किनाऱ्यावर हजारो तमिळ माणसं मेली. त्यांची आठवण म्हणून तमिळ लोक त्या दिवशी कांजी पितात, कारण शेवटच्या दिवसांत लोकांकडे तेवढंच होतं, तांदूळ आणि पाणी. ही आठवण काढायला उत्तरेत पोलिस अडवायचे, आणि कोलंबोत तर चारचौघात असं काही करायची कल्पनाच नव्हती. त्या दिवशी गॉल फेसवर सिंहली पोरापोरींनी कांजी वाटली. आंटी येणार नाही म्हणत होत्या, मग माझ्यासोबत आल्या, एका सिंहली मुलीनं नारळाच्या करवंटीत कांजी दिली, आंटींनी ती उभ्या उभ्या प्यायली आणि करवंटी पदराला पुसून पिशवीत ठेवली. परतीच्या वाटेवर एक शब्द बोलल्या नाहीत. ती करवंटी त्यांच्या देवघरात आहे अजून.

सगळं असंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. ९ मेला गोटाबायांचे थोरले भाऊ, पंतप्रधान महिंदा राजपक्षेंचे समर्थक त्यांच्या सरकारी बंगल्यातून निघाले आणि त्यांनी त्या गावावर हल्ला केला, तंबू जाळले, पोरींना मारलं, पोलिस बघत राहिले. संध्याकाळपर्यंत महिंदांचा राजीनामा आला पण तोवर देशभर बदला सुरू, सत्ताधाऱ्यांची घरं जाळली, निट्टंबुवाला खासदार अमरकीर्ती अथुकोरला जमावात मारले गेले. ते चूकच होतं. आणि ९ जुलैला रात्री महिंदांनंतर पंतप्रधान झालेल्या रनिल विक्रमसिंघेंचं खाजगी घर जाळलं, त्यात त्यांची पुस्तकं गेली. त्या रात्री टीव्हीवर ते बघून आंटी रडल्या. मला आश्चर्य वाटलं कारण त्यांना रनिल अजिबात आवडत नाहीत. तर म्हणाल्या, १९८१ मध्ये जाफनाची लायब्ररी जाळली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, ९५ हजारांच्या वर पुस्तकं, दुसऱ्या दिवशी सगळ्या गावावर जळक्या कागदाचे तुकडे पडत होते, पुस्तकं कुणाचीही असोत, ती जळताना मला बघवत नाही.

आता तो तुमचा ९ जुलै. शनिवार होता. पेट्रोल पंप खाजगी गाड्यांना आधीच बंद, बसेस नाहीत, आदल्या रात्री कर्फ्यू लावला आणि वकिलांच्या संघटनेनं आक्षेप घेतल्यावर सकाळी उठवला. मी आणि आंटी गल्लीच्या टोकाला समुद्राकडे उभ्या होतो. गॉलच्या बाजूनं ट्रेन आली. स्टेशनवाल्यांना भाग पाडून लोकांनी ती चालू करायला लावली होती. डबे भरलेले तर होतेच, टपावर माणसं, दारांना लोंबकळणारी माणसं, इंजिनाच्या पुढच्या कठड्यावर माणसं, सिंहाचे झेंडे, आणि एक बाई खिडकीतून हात बाहेर काढून रिकामं दुधाचं पातेलं चमच्यानं वाजवत होती. बाजूला समुद्र, आणि ट्रेन इतकी हळू की त्यांचे चेहरे दिसत होते. आमच्या गल्लीतले लोक पाण्याच्या बाटल्या फेकत होते आणि ते झेलत होते. गॉल रोडवरून चालत जाणाऱ्यांची गर्दी वेगळीच. लाख दीड लाख किती होते मला सांगता येणार नाही, दुपारी बाराला त्या रस्त्यावर डांबर दिसत नव्हतं एवढं मी पाहिलं.

त्या लोकांनी राष्ट्रपती भवनात शिरून पूलमध्ये उड्या मारल्या. हो, मारल्या. ज्याला तीन महिने घरात पंखा नाही, जो दोन दिवस चालत आलाय, त्यानं पाणी बघून उडी मारली. तुम्ही तीस सेकंदांची ती क्लिप दाखवली. पण त्याच घरात त्याच लोकांना १ कोटी ७८ लाख रुपयांच्या कोऱ्या नोटा सापडल्या, त्यांनी त्या मोजल्या, मोजतानाचा व्हिडिओ काढला आणि पोलिसांच्या ताब्यात दिल्या. गॅसच्या सिलिंडरसाठी महिनाभर वणवण करणारी माणसं ती. पुढचे दिवस लोक रांग लावून, पोराबाळांना घेऊन, ते घर बघत होते आणि पोरं "वस्तूंना हात लावू नका" अशा पाट्या लावून उभी होती. हे तुम्ही दाखवलं असतं तर चाललं असतं.

त्याच दिवशी गॉलला ऑस्ट्रेलियाविरुद्ध टेस्ट चालू होती, स्टेडियमच्या बाहेर मोर्चा, घोषणांचा आवाज आत येत होता आणि मॅच थांबली नाही. चंदिमलनं नाबाद २०६ काढले, प्रभात जयसूर्या नावाच्या पोरानं पदार्पणातच १२ विकेट घेतल्या, डावानं जिंकले. पुढे ११ सप्टेंबरला दुबईत आशिया कप, पाकिस्तानला हरवून, जी टूर्नामेंट खरं तर त्यांच्याच देशात व्हायची होती पण परिस्थितीमुळे हलवली. त्याच दिवशी त्यांच्या पोरी सिंगापूरला नेटबॉलचा आशिया कप पण जिंकल्या. महागाई त्या महिन्यात जवळजवळ ७० टक्के होती, खाण्यापिण्याची ९५ च्या आसपास. आमच्या गल्लीत त्या रात्री कुणीतरी जपून ठेवलेले फटाके काढले.

गोटाबाया १३ जुलैला मालदीवला, तिथून सिंगापूरला, राजीनामा ईमेलनं. २० जुलैला संसदेत मतदान झालं, रनिल १३४ मतांनी राष्ट्रपती, त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्यांपैकी अनुरा कुमार दिसानायके यांना ३ मतं. बावीस तारखेला पहाटे अंधारात लष्कर आलं आणि गॉल फेसवरचे तंबू मोडले. लष्कर आलं, पण सत्तेवर लष्कर बसलं नाही. आपल्या शेजारपाजारच्या देशांचा इतिहास बघा आणि सांगा ही छोटी गोष्ट आहे का. देश दिवाळखोर, राष्ट्रपती पळालेला, पंतप्रधानाचं घर जळलेलं, आणि तरी राज्यघटनेत लिहिल्याप्रमाणे संसदेत मतपेटी ठेवून मतं मोजली. निकाल आवडो न आवडो. मला आवडला नव्हता.

भारतानं मदत केली हे मात्र तुम्ही अभिमानानं सांगता आणि ते सांगायलाच हवं, त्या वर्षी जवळपास ४०० कोटी डॉलरची मदत गेली, डिझेलची जहाजं गेली, तामिळनाडूनं तांदूळ, दूध पावडर, औषधं पाठवली. आमच्या आंटींची बीपीची गोळी मधे दोन महिने मिळत नव्हती, मी इचलकरंजीहून येणाऱ्या एकीकडून मागवली होती, मग ऑगस्टमध्ये दुकानात भारतातून आलेली मिळायला लागली. त्या ऑगस्टच्या ३१ ला गणपती होता. गॅस नुकता परत मिळायला लागलेला. मी उकडीचे मोदक करायला बसले, कळ्या काही नीट येईनात, आंटी आल्या आणि म्हणाल्या हे तर आमचं मोदकम, आणि मूगडाळ घालून त्यांच्या पद्धतीचे करायला बसल्या. अय्या प्रसादाला आला तेव्हा त्यानं मोबाईलवरचा पेट्रोलच्या रेशनचा क्यूआर कोड दाखवला, आता आठवड्याला ५ लिटर ठरलेलं, रांग अर्ध्या तासाची. ५ लिटरमध्ये टुकटुक चालवून घर कसं चालवायचं हे मी त्याला विचारलं नाही. त्यानं सकाळी भाजी विकायला सुरुवात केली होती.

आणि पुढचं तर तुमच्याकडे कुणी सांगतच नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं निकाल दिला की गोटाबाया, महिंदा, बेसिल हे तिघे राजपक्षे भाऊ आणि सेंट्रल बँकेचे दोन माजी गव्हर्नर यांच्यासह जी माणसं निर्णय घेत होती त्यांनी जनतेचा विश्वासघात केला, आर्थिक संकटाला तेच जबाबदार आहेत. नावं घेऊन. तो खटला लावणाऱ्यांत ज्युलियन बोलिंग होता, ऑलिम्पिकला गेलेला पोहणारा. तुम्हाला श्रीलंकेतलं कुणीतरी पोहणारंच दाखवायचं असेल तर त्याला दाखवा ना. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते ३ मतांवाले अनुरा कुमार दिसानायके लोकांच्या मतानं राष्ट्रपती झाले, नोव्हेंबरात त्यांच्या आघाडीला २२५ पैकी १५९ जागा, त्यात जाफना जिल्हासुद्धा. आंटींनी मत कुणाला दिलं ते सांगितलं नाही, पण निकालाच्या सकाळी फोन केला आणि पहिलं वाक्य होतं, "पिळ्ळै, जाफनात बघितलंस का?"

सगळं छान झालंय असं समजू नका. व्हॅट ८ चा आता १८ आहे, लाइट बिलानं लोक पिचलेत, संकटानंतर देशातला साधारण चौथा माणूस गरिबीच्या रेषेखाली गेला, आमच्या ऑफिसातले शिकलेले निम्मे लोक ऑस्ट्रेलिया-आखातात निघून गेले. त्याची किंमत तेच लोक भरतायत जे तेव्हा रांगेत होते.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. अँकर मंडळींना, राज्याच्या कर्जावर कार्यक्रम जरूर करा, कर्ज किती, व्याज किती, कुठल्या योजनेला किती, कुठला टॅक्स कुणाला माफ केला, सगळं विचारा, फक्त मागच्या स्क्रीनवर तो पूल लावू नका. पुढाऱ्यांना, विरोधकाला काय बोलायचं ते बोला, लाडकी बहीणवर बोला, हायवेवर बोला, पण तुमच्याकडे आकडे असतील तर आकडे सांगा, दुसऱ्या देशाचं नाव शिवीसारखं वापरू नका, तिथे माणसं राहतात. आणि काका-मामांनो, तुम्ही तर माझी घरचीच माणसं, मला फोन करा, मी सांगते काय झालं होतं ते, पाहिजे तर आंटींशी व्हिडिओ कॉल लावून देते, त्यांना थोडं हिंदी येतं, सिरियली बघून शिकल्यात.

मागच्या महिन्यात त्यांनी मला विचारलं होतं की तुमच्याकडे लोक आमच्याबद्दल काय बोलतात. मी म्हटलं, क्रिकेटचं बोलतात.

आपली,
कोलंबोत साडेतीन वर्षं राहिलेली एक इचलकरंजीकर